हरीनाना गादी आणतात

आमच्या दिघीत हरीनानांना बंद वस्तू विकून दाखवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. काडेपेटी दुकानातच उघडणार, टूथपेस्टचं झाकण काढून वास घेणार, लग्नात पंगतीला बसण्याआधी टोपावरची ताटली उचलून आत डोकावणार. "आत काय हाय ता आदी दिसू दे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा फेरीबोटीवर त्यांनी लाइफ जॅकेटची शिवण उसवायला घेतली. खलाशी ओरडला, तर म्हणाले, "बुडताना बघून काय उपेग?" खलाशाने जॅकेटच काढून घेतलं.

असा माणूस एक दिवस मला म्हणाला, "मास्तर, मोबाइलवरनं एक गादी मागवून द्या."

मी त्यांचा शेजारी. रोज फेरीने खाडी ओलांडून पलीकडच्या शाळेत शिकवायला जातो. नाना त्या वेळी कित्येक महिने घरात एकटेच होते. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सुलभाकाकींच्या, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या कामोठ्याला लेकीकडे. जमिनीवर झोपायचं नाही आणि कापसाची गादीही चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीने बापाला सांगूनच टाकलं होतं, "धड गादी आली की आईला आणून सोडते. तोवर न्हाय."

गाद्या, उशा, चादरी घरपोच विकणारी एक कंपनी मी फोनवर शोधली. नानांनी आधी तिथल्या मुलीशी बोलायचा हट्ट धरला. ती बिचारी गोड आवाजात म्हणाली, "काका, काही आठवडे झोपून बघा. नाही पटली तर आम्ही परत घेऊन जाऊ."

"मंग आमाला येनार ती कोनी झोपून परत दिलेली?"

"नाही काका, अगदी नवी."

"बाय, फाडून दाखवतीस का जराशी?"

मी फोन काढून घेतला आणि गादी मागवून टाकली.

कुरिअरवाला खाडीपलीकडच्या आगरदांड्याच्या पुढे यायला तयार नव्हता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिकडेच थांबलो, नाना दिघीहून आले. काकी दुसऱ्याच दिवशी येणार होत्या. जेट्टीवर आमच्या हातात एक लांबोडकं खोकं पडलं, आणि खोक्यात प्लास्टिकमध्ये आवळून बांधलेली गुंडाळी. नानांचा चेहरा पडला.

"मास्तर, ही गादी का लोड?"

"नाना, घरी जाऊन..." एवढं मी म्हणेपर्यंत त्यांच्या कमरेचा अडकित्ता प्लास्टिकवर चाललासुद्धा!

फुस्स झालं. गुंडाळी जरा हलली, आणि मग आळस देत उलगडत गेली. नाना मागे सरकले. "आयला, वाढतेय की!" ती वाढता वाढता डबलबेडची झाली. ती पुन्हा खोक्यात कोंबायचा आम्ही दोघांनी प्रयत्न केला. मी त्या गादीवर चक्क उडी मारली. जेट्टीवरची माणसं पोट धरून हसत होती.

शेवटी ती तशीच फेरीवर चढवली आणि एका टेम्पोला टेकवून उभी केली. गंमत तिथेच संपली. खाडीच्या मध्यावर वारा सुटला, पाणी कठड्यावरून आत उडायला लागलं. शेजारी एका मावशीची मासळीची टोपली गळत होती. नानांनी सदरा काढून गादीच्या कडेला लावला आणि बनियनवर, दोन्ही हात पसरून, पाण्याच्या बाजूला उभे राहिले.

मग हळूच म्हणाले, "मास्तर, गादी भिजली तं तुमची काकी येनार न्हाय. माजीच खोड नडली."

मावशीने ऐकलं असावं. तिने टोपली लांब सरकवली आणि टेम्पोवाल्याला फर्मावलं, "आरं, ताडपत्री काढ की तुजी!" ताडपत्री आली. दिघीला उतरलो तेव्हा नाना नखशिखान्त भिजले होते. गादीचा एक कोपरा ओलसर, तोही वरच्या खोळीपुरता. रिक्षात काही ती मावेना, म्हणून टेम्पोवाल्यानेच घरापर्यंत पोचवली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

रविवारी लेक काकींना सोडून गेली. दुपारी मी चौकशीला गेलो. दार उघडंच होतं. काकी गादीवर झोपल्या होत्या आणि नाना खाली चटईवर, भिंतीला पाठ लावून बसलेले. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"ऐका," ते कुजबुजले.

काकी घोरत होत्या. छान, खणखणीत, दमदार घोरणं.

"लेकीला रोज फोनवर इचारायचो, आई घोरते का? ती म्हनायची, न्हाय बाबा, दुखतंय, झोपच न्हाय तिला." त्यांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले. "घर कसं गप पडल्यालं, मास्तर. मला बी झोप न्हवती."

मला इतकं बरं वाटलं की चहा नको म्हणायचंही सुचलं नाही. अर्थात, चहा करायला नाना उठलेच नाहीत. त्यांनी चटईवर सरकून मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघं काकींचं घोरणं ऐकत बसलो.