आधी माझ्याकडे बघ

वैशालीला तुमच्याशी बोलायचं असेल तर आधी तुमच्या खांद्यावर थाप पडते. तुम्ही वळता. ती म्हणते, "माझ्याकडे बघ." तुम्ही बघतच असता, तरी म्हणते. आणि मगच बोलते, तेही तोंड मोठं उघडून, हातवारे करून, समोरचा रस्त्याच्या पलीकडे उभा असल्यासारखं. परीक्षेत तिने माझ्याकडे पेन मागितलं, तेव्हा सुपरवायझरने आम्हा दोघांनाही उभं केलं होतं.

अशी ही मुलगी आमच्या शॉर्टफिल्मची दिग्दर्शक झाली. विषय माझा होता. आमच्या कॉलेजात थंड पाण्याचं मशीन बसलं, फीत कापली, फोटो निघाले. पाणी मात्र आलंच नाही. पोरंपोरी घरून बाटल्या वाहतात, आणि मशीनवरची पाहुण्यांच्या नावांची पाटी रोज पुसून लख्ख केली जाते! मी यावर पत्रकं काढली. कॅन्टीनमध्ये त्यात वडे बांधले गेले. म्हणून म्हटलं, विनोदी फिल्म करू. शेवटी नायक खणखणीत भाषण ठोकतो, अशी पटकथा मी लिहिली.

वैशालीने ती वाचली. थाप. "माझ्याकडे बघ. विनोदाचे कायदे असतात. पडायचं ते तोरा असलेल्यानेच. गरीब पडला की ती बातमी होते. आणि सगळं तीनदा करायचं. पहिल्यांदा दाखवायचं, दुसऱ्यांदा आठवण करून द्यायची, तिसऱ्यांदा फसवायचं. संवाद एकही नको."

"एकही नको? मग अन्यायावर बोलायचंच नाही?"

"बोल की. पण पडून बोल."

मी भडकलो. कलेने प्रश्न विचारायचे असतात, केळीच्या सालीवर घसरायचं नसतं!

"केळ कशाला? नाशिकमध्ये राहतो आपण. द्राक्षं घेऊ."

उद्घाटनाला येणाऱ्या साहेबाची भूमिका तिने मलाच दिली. "तुझ्याइतका तोरा कुणाकडेच नाही रे." माझं भाषणही ठेवलं, अगदी पूर्ण. साहेबाच्या तोंडी, आवाज बंद करून.

फेस्टिव्हलचं काम बघणारे सर म्हणाले, "संवाद घाला. हल्ली मूकपट कोण बघतं? बक्षीस हातचं जाईल." आम्ही सगळे टरकलो. वैशाली म्हणाली, "जाऊ द्या, सर. मला एका माणसाला हसवायचंय. तो हसला नाही तर माझी फिल्म पडली. बाकीचा हॉल फुकट."

हा एक माणूस कोण, यावर कॅन्टीनमध्ये पैजा लागल्या. बहुतेकांनी क्रिकेट टीमच्या कॅप्टनचं नाव घेतलं. मीसुद्धा.

फिल्म दाखवायच्या दिवशी तिचे वडील आले. अप्पा मूळचे कळवणकडचे, उभा जन्म अंबडच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर गेलेला. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी बाजूने म्हटलं, "नमस्कार काका." ते फाटकाकडेच बघत राहिले. वैशालीने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "अप्पा, माझ्याकडे बघा. हा माझा मित्र." मग ते माझ्याकडे वळले आणि हसून ओरडले, "बरं, बरं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान नेले होते. कानात घालायला कारखान्याने काही दिलं होतं की नाही, याचा जाब मी तिथेच मागायला निघालो होतो. वैशालीने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"घरी टीव्ही लावला की आम्ही हसतो," ती म्हणाली. "अप्पा आमची तोंडं बघतात, मग हसतात. कायम मागून."

दिवे गेले. पडद्यावर स्वागताच्या तबकातली द्राक्षं फरशीवर सांडली. साहेब एकदा त्यांच्यावरून गेला, वाचला. दुसऱ्यांदा गेला, वाचला. तिसऱ्यांदा पाय उचलला तेव्हा मागच्या रांगेतून अप्पांचा आवाज आला, "आता पडतोय बघ!" अख्ख्या हॉलने ऐकलं. साहेबाने द्राक्षं रुबाबात ओलांडली, वळून सगळ्यांकडे ऐटीत बघितलं आणि मशीनची तोटी फिरवली. तोटी हातात आली. तो आत डोकावला. कॉलेजला कधीच न मिळालेलं सगळं पाणी त्याच्या तोंडावर आलं, आणि साहेब मागे, नेमका द्राक्षांवर.

आधी एकच हसू फुटलं. खर्जातलं, दणदणीत, अप्पांचं. मग हॉल हसला, त्यांच्या मागून. वैशाली पडद्याकडे पाठ करून उभी होती. तिने फिल्म बघितलीच नाही.

बक्षीस दुसऱ्यांना गेलं. मशीन अजून कोरडंच आहे, नवं पत्रक छापायला गेलंय. पण छाती पुढे काढून सांगतो, माझं सर्वांत गाजलेलं भाषण ते बिनआवाजीच.

बाहेर पार्किंगमध्ये माझ्या खांद्यावर थाप पडली. मला वाटलं वैशाली. बघतो तर अप्पा. "साहेब!" ते ओरडले, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून थांबले.

माझ्याकडे बोलायला नेहमीच पुष्कळ असतं. या वेळी मान ताठ केली, मोटरसायकलींच्या मधून दोन-चार पावलं रुबाबात टाकली, आणि धुळीत सपशेल पडलो.