खदानीवरचा कडुबा

मासे धरताना शेजारी कुणी खोकलं, तर कडुबा त्याला दगड मारायचा. लागेल असा नाही, पण माणूस उठून जाईल असा.

आम्ही उस्मानपुऱ्यात भिंतीला भिंत लावून राहायचो आणि चिकलठाण्याला एकाच कारखान्यात होतो. मी मेंढरं विकून तिथं लागलेला, तो माझ्या आधीचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात घोषणा द्यायला त्यालाच पुढं ठेवायचे. लाउडस्पीकर लागायचा नाही. त्या दिवसांत गल्लीतल्या काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मी सोडलं नाही. माणूस खरा होता, आणि विडीही त्याच्याकडंच असायची.

तोच माणूस सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या खदानीवर मुका व्हायचा. खदानीत पाणी साचलेलं. होळी झाली की चिलापी काठाला येते. हा गळाला कणकेची गोळी लावून बसायचा. विडी बोटानं मागायची. शिंक आली तर लांब बाभळीखाली जाऊन द्यायची.

"मासा आधी ऐकतो, मंग खातो," म्हणायचा. तेही घरी आल्यावर.

एकदा काठाला थोराड चिलापी दिसली. तोंडापुढं गोळी, तरी तोंड उघडेना. परतताना मी विचारलं.

"मादी हाय ती. तोंडात पिल्लं धरलीत. उपाशी राहील, पन तोंड उघडणार नाय. तिच्या माघं लागायचं नसतंय, येड्या."

पुढच्या हिवाळ्यात माझी बायको गया वारली. मी बोलायचं बंद केलं. जेवणही नावालाच. लेक रडली, जावई ओरडला, पाहुणे समजावून थकले. कडुबा रोज यायचा, विडी द्यायचा, जायचा.

"काका, तुम्ही तरी बोला की आबांना," लेक म्हणाली.

"नाय. कुणीच बोलू नका."

होळी झाल्यावर त्यानं मला खदानीवर नेलं. गळ टाकून बसला. दुपार कलली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "गयाला काटे काढता येत नव्हते. मीच काढून द्यायचो."

मग थांबेचना. मोठ्यानं बोललो, रडलो, नाक शिंकरलं. खदानीतला सगळा मासा तळाला गेला असणार. मग दगडाची आठवण झाली. गप्प होऊन त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं दोर कधीच गुंडाळून बाजूला ठेवला होता.

"थांबला कशाला?" तो म्हणाला. आवाज मोर्च्यातला, पाण्यापलीकडं जाईल असा. "कोनत्या माशाचे काटे? नीट सांग."