नेनेकाकांचा ओला सायलेन्सर

नेनेकाका आधी माणसाकडे बघत नाहीत, त्याच्या गाडीच्या खाली बघतात. आम्ही जपानात त्सुकुबाला राहायला येऊन एक जुनी गाडी घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायांत लोकरी मोजे, आणि बाजूला जपानी शिस्तीनं जोडीनं काढून ठेवलेल्या चपला. मी किंचाळणार, तेवढ्यात खालून अस्सल पुणेरी आवाज आला, "गाडी कुठपर्यंत नेता?"

"सुपरमार्केटपर्यंत," मी म्हणाले.

"म्हणजे ओला," आवाज म्हणाला.

अशी आमची ओळख झाली. आडनाव काय, पुण्यात कुठे, हे सगळं ते बाहेर आल्यावर.

काका इथल्या एका संशोधन संस्थेत भाताच्या बियाण्यावर काम करतात. त्याचा सायलेन्सरशी काहीही संबंध नाही, आणि भाताबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांची गर्दी झाली म्हणून माझा नवरा अमोल बाल्कनीत गेला, तर काका तिथे दबा धरून होते.

"अरे, पेट्रोल जळलं की पाणी होतं. थंडीत ते सायलेन्सरमध्ये साचतं. गाडी लांब नेली तर पाइप तापतो, पाणी उडून जातं. तू नेतोस भाजी आणायला. पाणी तिथंच. मग गंज आतून लागतो. बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो."

अमोल सर्दी घेऊन आत आला आणि पुढच्या महिन्यात आम्ही स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर बसवला. कंपनीचा नव्हे, बाहेरचा; काकांनी पसंत केलेला. पसंतीची पद्धत साधी होती. त्यांच्या खिशात फ्रिजवर लावायचं गणपतीचं मॅग्नेट असतं. काकू होत्या तोवर त्याच्याखाली कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा त्याचं वेळापत्रक अडकवलेलं असायचं. काकू गेल्या, आणि गणपती काकांच्या खिशात आला. सायलेन्सरला गणपती चिकटला तर स्टील साधं, घसरला तर चांगलं. मग जोडांवरून बोट फिरवायचं, टांगायचे रबर ओढून बघायचे आणि मान हलवायची. गणपतीला असं गाडीखाली नेणं बरं दिसत नाही, असं मी एकदा म्हटलं.

"विघ्नहर्ता आहे तो," काका म्हणाले. "विघ्नं खालीच असतात."

हळूहळू इथल्या सगळ्या मराठी घरांच्या गाड्या स्टेनलेस झाल्या. एक गाडी सोडून. ती काकांची. तिचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा होता. ती वळणावर आली की आम्ही चहा टाकायचो, आणि काका दार वाजवेपर्यंत तो उकळलेला असायचा. दोन हिवाळे त्यांचं सायलेन्सर निवडणं चालू होतं. एकाचं वेल्डिंग आवडलं नाही, दुसऱ्याचा पत्रा पातळ, तिसऱ्यात काही खोट सापडेना म्हणून त्यांना संशय आला. तोवर भोकांवर पट्ट्या गुंडाळून ते दर शनिवारी नागानोला जायचे, सायलेन्सर वाळवायला.

नागानो इथून चार तासांवर आहे, आणि तिथे त्यांची मुलगी मुक्ता इस्पितळात काम करते. "तिकडे रस्ता चांगला आहे," एवढंच काका सांगायचे. काकू असताना बापलेकीचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. "बाबा विचारतोय, जेवलीस का?" असं काकूंनी फोनवर म्हणायचं, मुक्तानं जपानीत उत्तर द्यायचं, काकूंनी ते मराठीत काकांना पोचवायचं. वास्तविक काकांचं जपानी काकूंपेक्षा चांगलं. पण पद्धत म्हणजे पद्धत. काकू गेल्यावर मध्ये कोणी राहिलं नाही, आणि दोघांपैकी कोणाला थेट बोलायची सवय नव्हती.

अमोल इंजिनिअर असल्यामुळे त्याला गप्प बसवत नाही. "काका, नागानोच्या रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. म्हणजे आतला गंज टाळायला तुम्ही बाहेरचा लावून आणता!"

"परत आल्यावर धुतो," काका म्हणाले.

या हिवाळ्यात मात्र गाडीची शाकेन आली. शाकेन म्हणजे सरकारी तपासणी. ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गॅरेजच्या मोरीसाननी गिरणीचा आवाज ऐकला, कमरेत वाकून माफी मागितली आणि हे पास होणार नाही म्हणून सांगितलं. काका दोन दिवस कोणाच्याच गाडीखाली गेले नाहीत. मग एकदम नवा सायलेन्सर बसला, गाडी पास झाली, आणि कोणता घेतला ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. मला हे खटकलं. आमच्या सायलेन्सरचं त्यांनी बारसं करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं!

त्या शनिवारी सफरचंदं आणायच्या निमित्तानं आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघालो. गाडी इतकी मुकाट चालत होती की आम्हाला बोलावं लागलं. वाटेत चहाला थांबलो. काकांनी पैसे काढताना मॅग्नेट टेबलावर राहिलं, ते मी उचललं आणि गाडीमागे जाऊन वाकले. गणपती टपकन चिकटला. हात सोडला तरी पडेना.

मागे काका उभे होते.

"काका, हा तर साधा! सगळ्यांना स्टेनलेस घ्यायला लावलंत आणि स्वतः गंजणारा घेतलात?"

"स्टेनलेस घेतला," काका म्हणाले, "की वाळवायला काय कारण राहिलं?"

"पण मुक्ताला भेटायचं तर बुलेट ट्रेन आहे, शिनकान्सेननं जा ना," अमोल म्हणाला. "तासभर आधी पोचाल."

काकांनी गणपती काढला, रुमालानं पुसला, खिशात ठेवला. "शिनकान्सेननं गेलं की भेटायला आलो असं म्हणावं लागतं रे."

मला फार वाईट वाटलं. सायलेन्सरवरून मी या माणसाची किती टिंगल केली होती!

नागानोत बर्फ पडत होता. मुक्ताच्या घराचं वळण आलं तसे काका अस्वस्थ झाले. "गिरणी ऐकून खाली यायची ती," ते म्हणाले. "आता तिला कळायचं कसं?"

मुक्ता इमारतीच्या दाराशी उभी होती. तिच्या छत्रीवर बर्फाचा जाड थर साचला होता. आमच्याकडे बघून तिनं मान लववली, मग गाडीमागे जाऊन थेट बर्फात गुडघे टेकले आणि खाली वाकून पाहिलं. हुबेहूब काका.

"वाळला?" तिनं विचारलं. मराठीत.

काकाही तिच्या शेजारी वाकले. "बराचसा. थोडा ओला आहे अजून."

"मग पुढच्या शनिवारी परत आणायला लागेल," मुक्ता गुडघे झटकत म्हणाली. "वर चला. वरण गार होतंय."