ब्याऐंशीवरचा बंब

आजवर संत आन्नेला, येशूच्या आजीला, मी पुष्कळ नवस बोलले आणि सगळे फेडले. आल्सिदचा गुडघा बरा व्हावा म्हणून ईस्टरआधीचा अख्खा उपासकाळ चहा बिनसाखरेचा प्यायले. (गुडघा होता तसाच राहिला, माझी कंबर मात्र बारीक झाली. संतांचे हिशेब संतांना ठाऊक.) पण यंदाच्या जानेवारीतल्या नवसाइतका अवघड नवस मी पुन्हा बोलेन असं वाटत नाही. मी म्हणाले होते, 'आन्ना माय, तूही कुणाची तरी आजी आहेस. माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण माझ्याच घरात, उबेत होऊ दे. ईस्टरपर्यंत मी नवऱ्याच्या कुठल्याही दुरुस्तीत तोंड घालणार नाही.'

ज्यांनी माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आल्सिदच्या, दुरुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना या नवसाचं वजन कळेल. आमचं कपडे धुण्याचं मशीन त्याने दुरुस्त केल्यापासून पिळताना चालत दारापर्यंत जातं.

नवसाची वेळ आली ती अंगणातल्या बंबामुळे. पत्र्याच्या छोट्या खोलीएवढा आमचा बंब घरापासून चार पावलं लांब उभा असतो. त्यात लाकडं घालायची, आत पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून घरभर फिरतं. पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट इतकी वर्षं एकशेऐंशीवर होता. यंदा तो म्हातारा झाला. एक दिवस घरात पाव भाजावा असं गरम, दुसऱ्या दिवशी बोलताना तोंडातून वाफ. नाताळात मिरेय, आमची मुलगी, बाळाला घेऊन आली, ती त्याला टोपीसकट झोपवूनच परत गेली. मग माँक्टन शहरातून तिचा फोन आला. जेवण तिथल्या हॉटेलातच करू या, आई, तुला कशाला त्रास. मिरेयचा आवाज इतका गोड झाला की समजावं, निर्णय झालेला आहे.

आमच्या घराण्यात बाप्तिस्म्याचं जेवण आजीच्या टेबलावर होतं. ते हॉटेलात झालं असतं तर मी नुसती फोटोतली आजी उरले असते. आल्सिदने माझं तोंड पाहिलं आणि जाहीर केलं की तो स्वतः नवा थर्मोस्टॅट बसवेल, घर लोण्यासारखं मऊ उबदार होईल, मिरेयने यायचंच. मिरेय म्हणाली, बघू. मी खोलीत जाऊन नवस बोलले.

शुक्रवारी त्याने नव्या थर्मोस्टॅटचा डबा बंबावर बसवला. जुन्यावर काटा होता, नव्यावर लाल आकडे आणि वर-खाली दोन बाण. आल्सिद अभिमानाने बाजूला झाला. मी चष्म्याशिवायच वाकून पाहिलं. आकडा होता ब्याऐंशी.

एकशेऐंशीच्या जागी ब्याऐंशी. निम्मंसुद्धा नाही. ब्याऐंशीत तर लोक पोहायला उतरतात. माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. नवस म्हणजे नवस.

"कसं आहे?" आल्सिदने विचारलं.

"छान लाल आहे," मी म्हणाले. (हे तोंड घालणं नव्हे.)

हा आकडा त्याने का ठेवला तेही माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे म्हणतात, फेब्रुवारीतल्या कँडलमासच्या सणाला लाकडाचा ढीग अर्धा शिल्लक हवा. आल्सिद हा नियम दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा समजतो. तो लाकूड वाचवत होता. आणि माझा नातू पुन्हा टोपीत जेवणार होता.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. बाण दाबायचा नाही असं काही ठरलं नव्हतं. आल्सिद जेवायला गेल्यावर मी बाहेर गेले, वरचा बाण दाबून आकडा जरा चढवला आणि दोन ओंडके सरकवले. संध्याकाळी पाहते तर पुन्हा ब्याऐंशी. शनिवारी सकाळी चढवला, दुपारी पुन्हा ब्याऐंशी. मनात म्हटलं, हा चिकटपणा आपण प्रेमाने जिंकू.

शनिवारी दुपारी फ्रिकोसाठी, म्हणजे आमच्याकडच्या रश्शासाठी, कोंबडी साफ करत होते तेव्हा आल्सिद आत आला. डोक्याची टोपी हातात, चेहरा शवयात्रेतला.

"म्हातारे," तो म्हणाला, "हे नवं यंत्र फार हुशार आहे. थंडी वाढली की आपणहून आकडा चढवतं."

मी खाली मान घालून कोंबडी साफ करत राहिले.

"मी उतरवतो, ते चढवतं. आणि लाकडं संपतायत. शेजारचा लिव्हँ तर नेत नसेल ना?"

बिचारा लिव्हँ रोज सकाळी चर्चची घंटा वाजवतो. त्याच्यासाठी मी मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हटलं. पण आल्सिदला काही बोलले असते तर दुरुस्तीत तोंड घातल्यासारखं झालं असतं. (एवढ्या बारकाईने मी एरवी कुठलाच नवस पाळलेला नाही.)

त्याच संध्याकाळी, रविवारी आभाळ स्वच्छ राहावं म्हणून मी कपड्यांच्या दोरीवर रोझरीची जपमाळ लटकवली. हा आमच्या सासूबाईंचा उपाय, कधी फुकट गेलेला नाही. दोरी बंबावरूनच जाते. रोझरीशेजारी आल्सिदची लांब लोकरी चड्डी वाळत होती.

रविवारी बाहेर उणे अठ्ठावीस. आल्सिद गाडी तापवत होता. मी बंब लाकडांनी ठासला, घरातल्या भिंतीवरची ऊब वाढवायची सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवली आणि डब्याचा वरचा बाण आकडा चढायचा थांबेपर्यंत दाबून ठेवला. एकशेदहा. अजून एकशेऐंशी नव्हताच, पण यंत्राची ऐपतच तेवढी, तर माणसाने समाधान मानावं.

चर्चमध्ये बाळ रडलं नाही. सगळे म्हणाले, आजीवर गेलंय. मिरेय माझ्या कानात म्हणाली, घर उबदार असेल ना गं, नसेल तर हॉटेलवाल्याने अजून टेबल धरून ठेवलंय. मी डोळे मिटून आन्ना मायला आठवण करून दिली.

परतताना गावावर निळंशार आभाळ होतं, ऊन होतं, आणि फक्त आमच्या अंगणात बर्फ पडत होता. बंबाच्या डोक्यावरून वाफेचा पांढरा खांब थेट वर गेला होता, त्याचे बारीक कण होऊन खाली येत होते. मागच्या गाडीतून उतरलेली माझी नणंद युलाली शांतपणे म्हणाली, "पांढरा धूर! नवा पोप निवडला वाटतं."

बंब उकळत होता. वरच्या भोकातून तांबूस पाणी उसळत होतं आणि पडेल तिथे गोठत होतं. दोरीवर रोझरीचा एकेक मणी बोराएवढा झाला होता. आल्सिदची चड्डी दोन्ही पाय फाकवून, कडक, पाहुण्यांच्या स्वागताला उभी होती.

आल्सिदने धावत जाऊन बंबातल्या आगीला वारा घालणारा पंखा बंद केला. मग तिथेच, सगळ्यांसमोर, माझा नवरा खाली मान घालून म्हणाला, "मिरेय, चूक माझी आहे. यंत्र माझ्या हाताला बसलं नाही. चला, हॉटेलात जाऊ."

चाळीस वर्षांत त्याने 'चूक माझी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मिरेय डब्यापाशी वाकली. "बाबा, एकशेदहा कुणी ठेवलं?"

"कुणी नाही. ते आपणहून चढतं."

"ब्याऐंशीवर ठेवायचं ना? हे सेल्सियस आहे. इथे लिहिलंय की."

"ठाऊक आहे मला. मी ब्याऐंशीवरच ठेवतो," आल्सिद म्हणाला. "तेच आपलं जुनं एकशेऐंशी."

आमच्याकडे बाहेरची थंडी सेल्सियसमध्ये मोजतात आणि ओव्हन, पोहायचा तलाव, बंब फॅरनहाइटमध्ये. का, ते विचारू नका, जन्मापासून तसंच आहे. बंबाने परस्पर पक्ष बदलला हे मला कुणी सांगणार? मी विचारलंच नव्हतं. मी सगळ्यांच्या नजरा चुकवून दोरीवरच्या रोझरीकडे पाहिलं.

"एदमे," आल्सिदने हळूच विचारलं. नावाने तो मला फक्त दुखवट्यात हाक मारतो. "तू?"

मग मी नवस सांगितला. सगळा, अंगणात, बर्फ अंगावर घेत. आल्सिदने टोपीवरचा बर्फ झटकला.

"तोंड घालायचं नाही असा नवस," तो म्हणाला. "आणि हात?"

युलालीला हसू आवरेना, म्हणून तिनेच जाऊन घराचं दार उघडलं. आतून आलेल्या उबेने तिच्या चष्म्यावर वाफ धरली. नळ ठणठण वाजत होते, टेबलावरचं लोणी वितळून वाहत होतं. भर जानेवारीत खिडक्या उघड्या टाकून, कोट-स्वेटर उतरवून आम्ही फ्रिको खाल्ला. पाद्री बाबांनीही बाह्या वर केल्या. आणि माझा नातू, टोपी तर सोडाच, नुसत्या लंगोटात माझ्या मांडीवर घोरत पडला. हॉटेलाचं नाव कुणी काढलं नाही.

म्हणजे आन्ना मायने आपला शब्द पाळला. माझा मला अजून पाळायचा आहे, कारण ईस्टर यायचा आहे. सध्या आल्सिद माझा ओव्हन सेल्सियसमध्ये आणतोय, आणि मी पाहत बसले आहे, हातांवर बसून.

बायांनो, तुम्हीही असा एखादा नवस बोलून पाहा. घरात शांतता येते, नवरा खुलतो. फक्त बोलताना आन्ना मायला तोंडाबरोबर दोन्ही हातही मोजून द्या, आणि चष्मा लावल्याशिवाय बंबाकडे जाऊ नका.