यंत्राच्या काचेवरची पाच बोटं

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मनोज प्रॉडक्शन मॅनेजर झाला आणि त्याच महिन्यात डाळ निवडणारं कॅमेऱ्याचं यंत्र आलं. कॅमेऱ्याला खराब दाणा दिसला की हवेची फुंकर बसायची आणि दाणा बाजूला उडायचा. मनोजला त्याचं भारी कौतुक. दसऱ्याला बाकीच्या यंत्रांना त्यानं बाहेरूनच कुंकू लावलं, पण या नव्या लाडक्याचं दार उघडून कॅमेऱ्यापुढच्या काचेवर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. मनापासून ओढली, आणि इथंच घोळ झाला.

शनिवारी यंत्र सुरू झालं आणि चांगली पिवळीधमक तूरडाळ खराब मालाच्या पोत्यात पडू लागली. बाहेर नागपूरचा ट्रक उभा होता.

"देवमनभाऊ, सेटिंग कोनं हलवली?" मनोजनं विचारलं. देवमन मिलमध्ये बावीस वर्षांपासून होता आणि हे यंत्र चालवायला मनोजनंच त्याला निवडलं होतं.

"कोनंच नाई साहेब. म्या काय म्हन्तो, एकडाव दार उघडून..."

"दाराले हात नका लावू. हे मशीन तुमच्याच्यानं होत नाई. जा, पोते शिवा."

हे अकरा माणसांसमोर झालं. देवमननं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तो गोदामाकडे गेला.

मग मनोज स्वतः बसला. त्यानं यंत्र जरा ढिलं केलं, तर डाळीबरोबर खडेही पास होऊ लागले. कडक केलं, तर ते एकही दाणा पास करेना. दुपारी ट्रकवाल्यानं ट्रकखालीच चादर अंथरली आणि मालकांचे फोन सुरू झाले. शेवटी चार वाजता मनोजनं यंत्राच्या कंपनीतल्या इंजिनिअर दामिनी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"आतली काच दाखवा," त्या म्हणाल्या. मनोजनं दार उघडून फोन आत धरला. "सर, हे लाल लाल काय आहे?"

अकराही जण अचानक छताचे पत्रे मोजू लागले.

काच पुसली, ट्रक भरून गेला, माणसं घरी गेली. देवमन तेवढा गोदामात शेवटचं पोतं शिवत होता. मनोज त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तुमाले सकाळीच समजलं होतं?"

"दिसलं होतं."

"मंग पुसलं काहून नाई?"

"पूजेचं होतं साहेब, अन् तुमच्या हातचं. आमी बौद्ध मानसं. म्या पुसलं असतं अन् मंग मशीन बिघडली असती, तं नाव कोनाचं आलं असतं? म्हनून म्हटलं, तुमाले दाखवून पुसाव. तुमी बोलूच नाई देल्लं."

मनोजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी एक मिनिट ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

"चुकलं माझं, भाऊ," तो म्हणाला.

देवमननं दोरा तोडला. "सकाळी तं अकरा लोकांत बोलले होते साहेब."

"मंग हेबी त्यायच्यासमोरच बोलतो. उद्या सकाळी."

"उद्या रईवार हाय," देवमन म्हणाला आणि डबा उचलून निघाला.