नव्या दावणीला

आमच्या वृद्धाश्रमात नवा माणूस आला की आसराबा हेडी आधी त्याचे दात बघतात. मग त्याच्याभोवती एक चक्कर मारून, सोडायला आलेल्या मुलासमोरच निकाल देतात, "ह्यो बसंल."

बसणं म्हणजे बैलाचं बसणं. तलवाड्याच्या आसराबांची सगळी उमर हेडी म्हणून बैलबाजारात दलाली करण्यात गेली. नव्या दावणीला बांधलेला बैल कधी कधी चारा सोडतो, मान टाकतो आणि एके दिवशी उठतच नाही, हे त्यांनी बघितलेलं. माणसाची उदासी काही वेगळी असते, हे त्यांना मान्य नाही.

मी आलो तेव्हा माझा मुलगा ऑफिसात सह्या करत होता. आसराबांनी माझी कवळी पाहून तोंड वाकडं केलं. "दात बी सोताचे न्हाईत. ह्यो तर लई लवकर बसंल!"

मी बीडच्या कोर्टात बेलिफ होतो. समन्स घेऊन लोकांच्या दारात जन्मभर शिव्या खाल्ल्या, पण बैल कुणी म्हटलं नव्हतं. खरं तर बायको गेल्यापासून माझी अन्नावरची वासनाच उडाली होती. इथं भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढाच बेत होता. पण त्या संध्याकाळी केवळ या माणसाला खोटं पाडायचं म्हणून मी दोन भाकरी आमटीत चुरून खाल्ल्या. ते समोर बसून बघत होते.

"उद्या सोडंल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही खाल्ल्या.

पुढं ध्यानात आलं, ते सगळ्यांनाच असं म्हणतात आणि सगळेच इरेला पेटून जेवतात. एकदा मी डिवचलं, "आसराबा, तुमचं एक तरी भाकीत खरं झालंय का?"

"खरं व्हावं म्हणून कोन बोलतंय बे?" म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

परवा पोळ्याला त्यांचा मुलगा यायचा होता. सकाळीच फेटा बांधून आसराबा फाटकाशी जाऊन बसले. दुपारी मुलाचा फोन आला, यंदा जमत नाही. पुरणपोळीचं ताट पुढ्यात तसंच राहिलं. आसराबांनी मान टाकली होती. मला भीती वाटली. साऱ्या आश्रमाला 'बसंल' म्हणणाऱ्या या माणसाला तसं म्हणणारं कुणीच नव्हतं.

मी समोर जाऊन बसलो. "तोंड उघडा. दात बघू."

त्यांनी चक्रावून उघडलं.

"ह्यो बसंल," मी म्हणालो.

त्यांनी डोळे वटारले. ताट ओढलं, पोळीचा मोठा घास तोंडात कोंबला आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच म्हणाले, "बेलिफ, तुला बैलातलं काय कळतंय बे?"