चाळीस ओळींची मंजुरी

एका प्रोग्रॅमरची नोकरी महिनाअखेरीस कायम व्हायची होती. अट एकच: कुठल्या तरी मुक्तस्रोत प्रकल्पात त्याचं काम मंजूर झालेलं असावं. मुक्तस्रोत प्रकल्प म्हणजे सगळ्यांनी फुकट वापरायचा आणि चार-पाच जणांनी फुकट सांभाळायचा, असा सॉफ्टवेअरचा सार्वजनिक नळ.

त्याने 'डिपेंडन्सी इंजेक्शन'ची एक हलकीफुलकी पुरवणी लिहिली. अवघ्या चाळीस ओळी.

"इंजेक्शन?" दातांची डॉक्टर असलेल्या त्याच्या बायकोने कान टवकारले.

"तसलं नव्हे गं. प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाने लागणारं सामान स्वतः शोधत बसायचं नाही. बाहेरून कुणीतरी आयतं हातात द्यायचं."

"म्हणजे तू न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाका मारतोस, तसं."

"अगदी तसं!"

"हे तर तुझ्या आईने तुला केव्हाच शिकवलंय. नवीन काय लिहिलंस?"

प्रकल्पाच्या समितीत पाच जण होते. पाचही सज्जन, म्हणजे प्रत्येकाला मत होतं. पहिल्याने पुरवणीचं नाव बदलायला लावलं. दुसऱ्याने जुनंच बरं होतं असं कळवलं. तिसऱ्याने ती हलकी असल्याचा अहवाल मागवला. तो एकशे बारा पानांचा झाला. चौथ्याने अहवाल जड असल्याची नोंद केली. पाचव्याने दिलगिरी व्यक्त करून एक स्वल्पविराम काढायला सांगितला. प्रोग्रॅमरने सगळं निमूट केलं.

"आता मंजुरी?"

"आनंदाने दिली असती," पाचव्याने लिहिलं, "पण नियम सत्तावीस पाहा. ज्याने सूचना केली त्याचा कामाला हात लागला. त्याला मंजुरी देता येत नाही."

"मग सूचना न केलेलं कोण उरलंय?"

"कुणीच नाही. तुमचं काम सगळ्यांना फार आवडलं ना!"

नवा परीक्षक नेमायचं ठरलं. पात्रता एकच, या कामाबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नसावा. सदतीस प्रोग्रॅमरांनी अर्ज केले आणि प्रत्येकाने अर्जातच दोन-दोन सूचना केल्या. सगळे बाद. शेवटी प्रोग्रॅमरने बायकोला उभं केलं. नातेवाइकांबद्दल नियम नव्हता. त्या नियमाचा मसुदा तीन वर्षं सूचनांसाठी खुला होता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तिने समितीला स्वच्छ सांगितलं.

"उत्तम! निःपक्षपातीपणाचा इतका भक्कम पुरावा प्रथमच मिळतोय."

सात दिवसांचा विचारकाळ मिळाला. त्यात एकही सूचना करायची नव्हती. नियम कामापुरताच होता. पण नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न, उगाच जोखीम नको. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगणाऱ्या बाईने घरी आठवडाभर तोंड मिटून ठेवलं. नवऱ्याने सातही दिवस ओला टॉवेल गादीवर टाकला.

आठव्या दिवशी तिने लिहिलं, "वाचलं नाही. मान्य आहे."

समितीत खळबळ उडाली. "असं लिहिता येणार नाही! इथे सगळे 'वाचलं, मान्य आहे' असंच लिहितात."

"पण मी वाचलेलं नाही."

"बाई, वाचायला कोण सांगतंय? लिहायला सांगतोय."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हात जोडले. तिने 'नाही' हा शब्द खोडला आणि संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी कायम झाली.

आता ती पुरवणी लाखो फोनांत गेली आहे; बहुधा तुमच्याही. ती आत येण्याआधी फोनने तुम्हाला अटींची बावन्न पानं दाखवली होती आणि खाली एक चौकोन होता. त्यावर बोट टेकायला तुम्हाला अर्धा सेकंद लागला. डॉक्टरीणबाईंनी निदान आधी खरं लिहून तरी पाहिलं.